आवडती नायिका आणि बडग्या खलनायक

या पावसाळ्यात फॅन्टसी कादंबऱ्यांचा सपाटा लावला होता. एकामागून एक सहा-सात तरी झाल्या असतील. काही विकत घेतल्या, काही भाचीच्या कपाटातून पळवल्या. नावं मुद्दाम देत नाही, कारण चौथ्या पुस्तकानंतर माझ्याच डोक्यात त्यांची खिचडी झाली आहे. सगळ्यांतली नायिका एकच आहे हो! वय सोळा-सतरा. डोळ्यांचा रंग काहीतरी निराळा. आईवडील नाहीत, पण रक्तात राजवंश आहे आणि तो तिला पान ऐंशीच्या आसपास कळतो. तलवार पहिल्यांदा मंगळवारी हातात घेते आणि शुक्रवारपर्यंत दहा वर्षं तालीम केलेल्या सरदाराला लोळवते. ड्रॅगन आजवर कुणाशी बोलला नाही, तो हिच्याशी बोलतो. दोन राजपुत्र तिच्यावर मरतात आणि तिला मात्र आपण सुंदर आहोत याचा पत्ताच नाही.

आणि खलनायक? तो नऊशे वर्षं अंधारकोठडीत होता म्हणे. त्याच्या नावाने गावंच्या गावं थरथरतात म्हणे. हे सगळं "म्हणे"च. आपल्यासमोर येतो तेव्हा तो काळा झगा घालून लांबलचक भाषण करतो, नायिकेला मारायची संधी तीनदा सोडतो आणि शेवटच्या दहा पानांत तिच्या तळहातातून निघालेल्या उजेडाने विरघळून जातो. मिटवलं पुस्तक. नऊशे वर्षं काय झोपला होता का रे बाबा?

मला राग यायचा. मग वाटलं, राग नेमका कशाचा येतोय ते तरी शोधावं. म्हणून हे लिहायला बसले.

खलनायक कसा असावा हे नागपूरच्या माणसाला कुणी शिकवायची गरज नाही. पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी थोडं सांगते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे तान्ह्या पोळ्याला, आमच्याकडे मारबत निघते. बांबू, कागद आणि कापडाची, माणसाच्या कितीतरी पट उंच बाई. एक काळी, एक पिवळी. काळीची परंपरा १८८१ पासूनची आणि पिवळीची १८८५ पासूनची सांगतात. काळी मारबत म्हणजे कुणी म्हणतं पूतना, तर कुणी म्हणतं भोसले घराण्यातली बाकाबाई, जिने इंग्रजांशी हातमिळवणी केली. दोन्ही मिरवणुका जुन्या नागपुरातून निघतात, वाटेत एकमेकींना भेटतात. रोगराई, खोकला, दुःख सगळं घेऊन जा गं बाई, असं ओरडत लोक तिच्यामागे चालतात आणि शेवटी तिला जाळतात.

पण जाळायच्या आधी काय करतात ते बघा. तिची पूजा करतात! तिला नवस बोलतात. लहान लेकरं तिच्या पायाशी नेतात. आज जी जाळायची तिच्यापुढे काल हात जोडलेले असतात. लहानपणी मला याचा अर्थ लागत नसे. आजीला विचारलं तर ती म्हणे, "अवं, एवढं सगळं दुखणंखुपणं जी घेऊन जाऊन राहिली, ते काय लहानसहान बाई आहे काय?"

आजीने खलनायकाचं अख्खं शास्त्र एका वाक्यात सांगून टाकलं होतं. गावाचं वर्षभराचं दुःख वाहून न्यायचं तर वाहणारी तेवढी मोठी हवी. वीतभर बाहुली जाळून कुणाचा खोकला जात नाही.

मारबतीच्या मागेपुढे बडगे असतात. हे पुरुषी पुतळे, दरवर्षी नवे. महागाईचा बडग्या, भ्रष्टाचाराचा बडग्या, त्या वर्षी ज्या पुढाऱ्यावर किंवा देशावर लोकांचा राग असेल त्याचा बडग्या. गळ्यात पाटी अडकवलेली असते. बघताना मजा येते, खो खो हसू येतं आणि पुढच्या वर्षी तो कोण होता हे कुणाच्या लक्षात राहत नाही. मारबत मात्र तीच राहते, सव्वाशेहून जास्त वर्षं.

तर माझ्यापुरती मी खलनायकांची वर्गवारी करून टाकली आहे. काही खलनायक मारबत असतात, बाकीचे बडगे. बडग्याच्या गळ्यात पाटी असते, "मी वाईट आहे". ती पाटी काढली तर खाली नुसता बांबू.

आता यावर कुणी म्हणेल, बडग्याही लोकप्रिय असू शकतो. खरंय. नव्वदच्या दशकात जे लहान होते त्यांना 'चंद्रकांता' आठवत असेल. देवकीनंदन खत्रींची १८८८ ची कादंबरी, दूरदर्शनवर मालिका आली १९९४ मध्ये. रविवारी सकाळी आमच्या गल्लीत शुकशुकाट. त्यातली राजकुमारी चंद्रकांता कशी होती, तिने काय काय केलं, हे मला आज धड सांगता येणार नाही. पण अखिलेंद्र मिश्रांचा क्रूरसिंह? त्या भुवया! ते "यक्कू"! शाळेत पोरं महिनोन्महिने यक्कू यक्कू करत फिरायची. वास्तविक क्रूरसिंह हा शुद्ध बडग्या, पाटी तर नावातच. त्याचा कुठलाच डाव धड तडीस जात नाही. तरी तो लक्षात राहिला, कारण त्याला काहीतरी हवं होतं, मनापासून हवं होतं आणि ते त्याला मिळत नव्हतं. राजकुमारीला सगळं रूपाने आणि जन्माने आधीच मिळालेलं. जिला सगळं मिळालंय तिच्याकडे बघत बसायचं तरी किती वेळ?

याच्या उलट टोकाला वेताळ. 'चांदोबा'त वाचलेला, शंकर यांच्या त्या चित्रातला. विक्रम राजा एका हातात तलवार घेऊन स्मशानातून चाललाय आणि खांद्यावर ते प्रेत. वेताळ कधी तलवार उपसत नाही. तो गोष्ट सांगतो आणि प्रश्न विचारतो. उत्तर माहीत असून बोलला नाहीस तर डोक्याची शकलं होतील, आणि बोललास तर मी परत झाडावर. यातून सुटका कशी करून घेणार? राजा बलवान आहे, पण इथे बळाचा उपयोगच नाही. विक्रम शहाणा आहे हे आपल्याला कुणी सांगावं लागत नाही, वेताळाच्या प्रश्नांवरून ते आपोआप कळतं. आणि मूळ कथेतला खरा दुष्ट तर वेताळ नाहीच, ज्याच्यासाठी राजा हे ओझं वाहतोय तो भिक्षू आहे. ते गुपितही शेवटी वेताळच राजाला सांगतो. शत्रू म्हणून पाठीवर घेतलेला निघाला गुरू. हजार वर्षांपूर्वीच्या कथासरित्सागरातला हा माल आहे आणि आपण तळहातातला उजेड वाचत बसलोय.

असो. आता नायिकेकडे वळते.

इंग्रजीत अशा लाडावलेल्या नायिकेला 'मेरी सू' म्हणतात. १९७३ मध्ये पॉला स्मिथ नावाच्या बाईंनी 'स्टार ट्रेक'च्या चाहत्यांसाठी निघणाऱ्या एका छोट्या नियतकालिकात एक विडंबन लिहिलं होतं. चाहत्यांनी रचलेल्या कथांमध्ये तशा मुली फार झाल्या होत्या, त्यांची ती टिंगल. त्यातली मेरी सू ही ताफ्यातली सर्वांत तरुण लेफ्टनंट, वय वर्षं साडेपंधरा फक्त! सगळं तिला येतं, सगळे तिच्यावर लट्टू. हे नाव इतकं चिकटलं की पन्नास वर्षं झाली तरी चालतंय.

मला ते नाव आवडत नाही, हे आधीच सांगून टाकते. एक तर ते मुलींनाच का चिकटतं? झुंजार काय आणि जेम्स बाँड काय, या बाप्यांनाही सगळंच येतं आणि बायका त्यांच्यावर लट्टू असतातच. त्यांना कुणी 'बंड्या सू' म्हणत नाही. :) आणि दुसरं म्हणजे, त्या टिंगलीत एक प्रश्न कुणी विचारत नाही. अशी नायिका लिहिते कोण? आणि का?

मला त्याचं उत्तर मिळालं ते माझ्या भाचीकडून. (तिची परवानगी घेऊन लिहितेय. ताई, तू वाचत असशील तर घाबरू नकोस, तिने मजकूर आधी वाचलाय आणि दोन वाक्यं गाळायला लावली आहेत.)

भाची चौदा वर्षांची. गेलं वर्षभर ती एक कादंबरी लिहितेय, दोनशे पानी वहीत, निळ्या शाईने. दिवाळीत माझ्या हातात वही देऊन म्हणाली, "मावशी, खरं खरं सांग हं. आईसारखं छान आहे, छान आहे नको करू." मी वाचायला लागले आणि मनात म्हटलं, आली! तीच आली! जांभळ्या डोळ्यांची. सगळे पक्षी जिचं ऐकतात अशी. राजवाड्यात शिरते तेव्हा सगळ्या मुली तिच्याशी मैत्री करायला धावतात. एक ना दोन, सगळ्या. त्या मैत्रीची वर्णनंच पंधरा पानं होती. आणि खलनायक म्हणजे तीन चेटकिणी. बुटक्या, मूर्ख, एकमेकींशी भांडणाऱ्या. नायिकेने नुसती टिचकी वाजवली की त्या बेडूक होतात.

त्या तीन चेटकिणींच्या बोलण्याच्या लकबी मला ओळखीच्या वाटल्या. मग लक्षात आलं. गेल्या वर्षी शाळेत तिच्याशी तिच्याच गटातल्या मुलींनी बोलणं टाकलं होतं. कारण काय, कुणास ठाऊक. एका सोमवारी गेली तर बाकावर जागा नव्हती. डबा खायला कुणी बोलावलं नाही. हे कित्येक महिने चाललं. घरी कळलं तेव्हा सहामाही होऊन गेली होती. कुणी मारलं नाही, शिवी दिली नाही, तक्रार करायची तर कशाची? "आमच्याशी कोणी बोलत नाही" या वाक्याला मोठी माणसं काय उत्तर देतात ते आपल्याला माहीत आहे.

वही मिटून मी बराच वेळ बसून राहिले. 'मेरी सू' असा शिक्का मारून मोकळं होणारे लोक आठवले. ही आवडती नायिका एका नावडतीने लिहिली होती.

नावडती! मराठीत हा शब्द किती जुना आहे. श्रावणातल्या शिवामुठीची कहाणी आठवते का? राजाच्या चार सुना, तीन आवडत्या आणि एक नावडती. नावडतीला खायला उष्टं, नेसायला जाडंभरडं, राहायला गुरांचं बेडं. ती गुरं राखायला रानात जाते, तिथे तिला नागकन्या भेटतात. त्या तिला वसा सांगतात. पहिल्या सोमवारी तांदूळ, मग तीळ, मग मूग, मग जव. मुठीमुठीने ती देवाला वाहते, घरच्यांनी दिलेलं उष्टं गाईला घालते आणि उपाशी राहते. मग एक दिवस घरचे तिच्यामागून तिचा देव बघायला निघतात. रानातलं छोटंसं देऊळ तेवढ्या वेळापुरतं सोन्याचं होतं, राजा आत जाऊन खुंटीला पागोटं अडकवतो, बाहेर येतो तर देऊळ नाहीसं. आणि नावडती आवडती होते.

आजी ही कहाणी वाचायची तेव्हा आम्ही हातात अक्षता घेऊन ऐकायचो आणि लक्ष सगळं नैवेद्याकडे. आता विचार करते तेव्हा दोन गोष्टी टोचतात.

एक, ती नावडती का आहे हे कहाणी सांगतच नाही. कारणच देत नाही. आवडत्या का आवडत्या, तेही नाही. बाकावर जागा का नव्हती याला जसं कारण नव्हतं तसंच. आणि या कहाणीत राक्षस नाही, चेटकीण नाही. नुसतं एक घर आहे, त्यातली माणसं आहेत आणि त्यांची सवय. तरी नावडतीपुढचं संकट केवढं मोठं वाटतं! कारण त्याचं माप आपल्याला रोजच्या वस्तूंत दिलंय. उष्टं अन्न, जाडंभरडं लुगडं, बेडं. आणि ती जिंकते तीही मुठीच्या मापाने, एकेका सोमवारी. फुकट काही नाही.

दुसरं टोचतं ते असं, की तिला बक्षीस काय मिळतं? ज्या घराने गोठ्यात झोपवलं त्याच घराची ती आवडती होते. बस. तिला दुसरं काही मागायची सोयच नव्हती. भाचीच्या वहीतल्या जांभळ्या डोळ्यांच्या राजकन्येलाही शेवटी तेच मिळत होतं, सगळ्या मुलींची मैत्री.

मराठी कादंबरीनेही हा घोळ सुरुवातीलाच घालून ठेवलाय, हे कमी जणांना माहीत असतं. १८५७ मध्ये बाबा पदमनजींनी 'यमुनापर्यटन' लिहिलं ते विधवांच्या हालांवर, म्हणजे घराघरांतल्या नावडत्यांवरच. पण लगेच वारं फिरलं आणि अद्भुतरम्य कादंबऱ्यांची लाट आली. हळब्यांची 'मुक्तामाला' १८६१ ची, रिसबुडांची 'मंजुघोषा' १८६८ ची. नायिका रूपवती, गुणवती, संकटं येतात ती जाण्यासाठीच. रिसबुडांनी तर 'मंजुघोषा'च्या प्रस्तावनेत सरळ कबुली दिली आहे की आपल्या लग्नाच्या रीती आणि इतर कारणांमुळे आपल्या लोकांच्या आयुष्यात मनोरंजक असे ना दुर्गुण सापडतात ना सद्गुण, म्हणून कादंबरीकाराची पंचाईत होते. म्हणून मग अद्भुताचा आश्रय.

मनोरंजक दुर्गुण सापडत नाहीत! मग बावीस वर्षांनी, १८९० मध्ये, हरि नारायण आपटे 'करमणूक'मध्ये 'पण लक्षांत कोण घेतो?' लिहायला लागले आणि त्यांना शंकरमामंजी सापडले. कुठल्या तिलिस्मात नाही, घरातच. यमूचं केशवपन करायला लावणारा हा माणूस काळा झगा घालत नाही, जादूटोणा करत नाही, सगळी रीतच त्याच्या बाजूने आहे. मराठीत याच्याइतका भीतिदायक खलनायक मी वाचलेला नाही. हॅरी पॉटर वाचणाऱ्या मुलांना विचारा, वोल्डेमॉर्टची भीती वाटते पण चीड अंब्रिजबाईंची येते. गुलाबी कपडे, मांजरांची चित्रं आणि हातात नियमांची यादी. कारण वोल्डेमॉर्ट कुणाला भेटलेला नाही, अंब्रिजबाई प्रत्येकाला भेटल्या आहेत.

तर भाचीला काय सांगायचं? नायिकेचे जांभळे डोळे काढून टाक, असं मी सांगितलं नाही. असू देत. चौदाव्या वर्षी आपले डोळे जांभळे असावेत असं वाटलं तर त्यात बिघडलं काय? मी फक्त चेटकिणींबद्दल बोलले.

"या इतक्या बावळट आहेत तर मग तुझ्या राजकन्येला एवढा त्रास कसा झाला?"

ती गप्प.

"टिचकीने ज्या बेडूक होतात, त्यांच्यासाठी रात्र रात्र रडायचं कशाला? वाचणारा म्हणेल, मुलगीच रडूबाई दिसते."

"त्या बावळट नव्हत्या," ती हळूच म्हणाली. मग एकदम, "मावशी, त्यांच्यातली एक खूप हुशार होती. आणि चांगली पण होती. मला गणित तीच समजावून द्यायची. म्हणून तर..."

म्हणून तर. तिथे थांबली. हेच वाक्य सबंध वहीत नव्हतं.

खलनायकाला लहान केलं की नायिका मोठी होते असा आपला समज असतो. पण त्याने होतं असं की तिने जे सोसलं तेही लहान होतं. आपल्याला दुखावणारं माणूस मूर्ख आणि कुरूप होतं असं लिहिलं की क्षणभर बरं वाटतं, पण मग आपल्या दुखण्याचीही किंमत उरत नाही. टोल्किनने फ्रोडोवर काय कमी माया केली असेल? तरी डोंगराच्या तोंडाशी नेऊन त्याला हरू दिलं. अंगठी टाकवत नाही त्याच्याने, ती नष्ट होते गोलममुळे. फ्रोडोने वाहिलेलं ओझं किती भारी होतं हे आपल्याला तिथेच कळतं. फ्रोडोने टिचकी वाजवली असती तर अंगठीही खेळण्यातली ठरली असती.

कादंबऱ्यांचा राग मला याचसाठी येत होता. त्या चौदा वर्षांच्या मुलीने चेटकिणींचे बेडूक केले ते समजू शकतं, तिला त्या वेळी तेवढा आधार हवा होता. पण मोठ्यांनी, छापून, सुंदर मुखपृष्ठ लावून तेच करायचं? वाचणाऱ्या मुलींमध्ये कितीतरी नावडत्या असतील. त्यांना आपण सांगतोय की तुझ्यात राजवंशाचं रक्त असेल तर सगळे धावत येतील आणि तुझे शत्रू मूर्ख असतील. नसेल तर? शत्रू हुशार, लाघवी आणि कालपर्यंतची मैत्रीण असेल तर? त्या मुलीने कुठलं पुस्तक वाचायचं?

वही परत भाचीकडे गेली आहे. आता तीनऐवजी एकच चेटकीण आहे म्हणे आणि तिला गणित येतं. नायिका चौथ्या प्रकरणात हरते. "पण कशी हरते ते जमून नाही राहिलं," असं परवा फोनवर सांगत होती. मी म्हटलं, लाग की मग त्याच्यामागे, घाई काय आहे. बेडूक मात्र तिने एका पानावर ठेवलाय. ते पान फाडणार नाही म्हणाली. मीही आग्रह केला नाही.

तुम्ही सांगा मंडळी, तुमच्या वाचनात आलेली मारबत कोण? जिला जाळण्याआधी मनातल्या मनात हात जोडावेसे वाटले अशी? बडग्यांची यादी नको, ती माझ्याकडे भरपूर आहे.